गिअरबॉक्सच्या कूलरची गळती ओळखावी कशी?

मोटारीत इंजिनाखालोखाल सर्वांत महाग आणि सर्वांत गुंतागुंतीचा भाग म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्स. तो निकामी झाला की दोष बहुधा ‘ऑटोमॅटिक’ या प्रकारालाच दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा बिघाडाचे मूळ गिअरबॉक्सच्या आत नसतेच. ते असते गाडीच्या पुढील जाळीमागे, रेडिएटरच्या टाकीत दडलेल्या वीत-दीड वीत लांबीच्या कूलरमध्ये, किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्यांमध्ये. या कूलरला लागलेली गळती वेळीच लक्षात आली, तर एखादी नळी, एखादा वॉशर किंवा फार तर रेडिएटर बदलून काम भागते. ती लक्षात आली नाही, तर संपूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागतो. पहिला खर्च हजारांत असतो. दुसरा अनेक गाड्यांच्या बाबतीत लाखाच्या घरात जातो. सर्वसाधारण मोटार विम्यात यांत्रिक बिघाडाची भरपाई मिळत नसल्याने हा भुर्दंड वाहनधारकालाच सोसावा लागतो.

कूलरची गळती दोन प्रकारची असते. एका प्रकारात ऑइल बाहेर, जमिनीवर गळते. दुसऱ्या प्रकारात ते रेडिएटरच्या आतच कूलंटमध्ये मिसळते आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरते. पहिली गळती डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जाते. दुसरी मात्र जमिनीवर एकही थेंब न सांडता गिअरबॉक्स पोखरत राहते. म्हणूनच तिची लक्षणे प्रत्येक वाहनधारकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

कूलर हवाच कशाला?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअर यांना जोडण्या-तोडण्याचे काम क्लच करतो. पारंपरिक स्वयंचलित गाडीत हे काम टॉर्क कन्व्हर्टर नावाचा, ऑइलने भरलेला गोल डबा करतो. त्यातील इंजिनाच्या बाजूची पाती ऑइल फेकतात आणि त्या ऑइलच्या माऱ्याने गिअरबॉक्सच्या बाजूची पाती फिरतात. दोन्ही बाजूंच्या गतीत जेवढा फरक पडेल, तेवढे ऑइल घुसळले जाते आणि तेवढी उष्णता निर्माण होते. वाहतूक कोंडीत थांबत-थांबत चालणे, सामान व माणसांनी भरलेल्या गाडीने घाट चढणे, मागे ट्रेलर ओढणे या सर्व प्रसंगी हा फरक वाढतो आणि ऑइल तापते.

हे ऑइल केवळ वंगण नसते. त्याच्याच दाबाने गिअर बदलतात, त्याच्यातच क्लच प्लेटी बुडालेल्या असतात, तेच शक्तीचे वहन करते आणि तेच उष्णता बाहेर वाहून नेते. सर्वसाधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते आपले काम नीट करते. तापमान सातत्याने १२० अंशांच्या वर राहू लागले, तर ऑइलचे विघटन होऊन आतील भागांवर रोगणासारखा थर बसतो. त्याहून वर गेल्यास रबरी सील कडक होतात आणि क्लच प्लेटी घसरू लागतात. योग्य तापमानाच्या वर साधारण ११ अंशांची प्रत्येक वाढ ऑइलचे आयुष्य निम्म्यावर आणते, असा या क्षेत्रातील ढोबळ ठोकताळा आहे. ऑइल फिरवून थंड करणारा कूलर हा त्यामुळे गिअरबॉक्सचा प्राणच होय.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. क्लचचे पॅडल नसलेली प्रत्येक गाडी सारखी नसते. भारतात २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून रूढ झालेली एएमटी ही प्रणाली आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच असते. तिला टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि सहसा असा कूलरही नसतो. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या, सीव्हीटी प्रकारच्या आणि ऑइलमध्ये बुडालेले दुहेरी क्लच असलेल्या गाड्यांच्या मालकांनी मात्र पुढील माहितीकडे लक्ष द्यायला हवे. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

कूलर असतो कोठे?

कूलरच्या तीन तऱ्हा प्रचलित आहेत. पहिल्या तऱ्हेत तो रेडिएटरच्या खालच्या किंवा बाजूच्या टाकीत, कूलंटमध्ये बुडवून बसवलेला असतो. गिअरबॉक्समधून एक नळी तापलेले ऑइल घेऊन येते आणि दुसरी थंड झालेले ऑइल परत नेते. रेडिएटरमधून गार होऊन बाहेर पडणारे कूलंट जेथे असते, तीच टाकी यासाठी निवडतात. या रचनेचा आणखी एक लाभ असा, की थंडीत इंजिनाचे गरम कूलंट गिअरबॉक्सच्या ऑइललाही लवकर ऊब देते.

दुसऱ्या तऱ्हेत रेडिएटरच्या पुढे, वातानुकूलन यंत्रणेच्या कंडेन्सरजवळ, एक छोटा स्वतंत्र कूलर असतो आणि त्यातील ऑइल वाऱ्याने थंड होते. तिसऱ्या तऱ्हेत धातूच्या पातळ पत्र्यांची चळत असलेला कूलर थेट गिअरबॉक्सवर बसवलेला असतो. त्यातून एका बाजूने ऑइल तर दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते. अलीकडच्या अनेक गाड्यांत ही रचना आढळते. काही गाड्यांत पहिल्या दोन तऱ्हा एकत्र वापरलेल्या असतात.

ऑइल आणि कूलंट यांच्यात केवळ धातूचा एक पातळ पडदा असलेल्या पहिल्या व तिसऱ्या तऱ्हेत आतली गळती संभवते. निव्वळ वाऱ्यावर चालणाऱ्या कूलरमध्ये ती संभवत नाही. त्याची गळती नेहमी बाहेरच होते.

बाहेरची गळती : डाग कोणाचा?

गाडीखाली डाग दिसला की तो कशाचा आहे, हे प्रथम ठरवावे लागते. त्यासाठी रात्री गाडी उभी करताना पुढच्या भागाखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुन्या वृत्तपत्राचे कागद पसरावेत. सकाळी थेंबांचा रंग, चिकटपणा आणि जागा या तीन गोष्टींवरून बरेच काही कळते.

गिअरबॉक्सचे ऑइल बहुतेक गाड्यांत लाल असते. ते मुळात तसे नसते. इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यात रंग मिसळलेला असतो. जुने झाल्यावर ते तपकिरी होते आणि फार तापले असेल तर त्याला करपट वास येतो. सीव्हीटीची काही ऑइल हिरवट वा निळसर असतात, हेही लक्षात ठेवावे. बोटाला लावल्यास हे ऑइल पातळ आणि गुळगुळीत लागते. इंजिन ऑइल त्या मानाने दाट आणि वापरल्यावर काळपट असते.

सर्वाधिक गोंधळ कूलंटमुळे होतो, कारण काही कंपन्यांचे कूलंटही लाल वा गुलाबी असते. अशा वेळी डागाचा थेंब पेल्यातील पाण्यावर टाकून पाहावा. ऑइल पाण्यावर तरंगते आणि त्याचा तवंग पसरतो. कूलंट पाण्यात विरघळून जाते. कागदावरचा ऑइलचा डाग वाळत नाही, उजेडासमोर धरल्यास अर्धपारदर्शक दिसतो. कूलंटला गोडसर वास असतो. मात्र ते विषारी असल्याने त्याची चव घेण्याचा प्रयोग कोणीही करू नये आणि सांडलेले कूलंट मुले वा पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे. डाव्या बाजूच्या सीटपुढे, खालच्या बाजूस टपकणारे स्वच्छ पाणी बहुधा एसीचे असते आणि त्याची काळजी करण्याचे कारण नसते. पॉवर स्टीअरिंगचे ऑइलही अनेक गाड्यांत लाल असते. म्हणून त्याच्या बाटलीतील पातळी उतरली आहे का, हेही पाहून घ्यावे.

त्यानंतर जागा. लाल डाग पुढच्या बंपरखाली, रेडिएटरच्या खालच्या कडेजवळ असेल, तर संशय कूलर किंवा त्याच्या नळ्यांच्या जोडांवर घ्यावा. डाग पुढच्या चाकांच्या रेषेत असेल, तर गिअरबॉक्सच्या चेंबरचे पॅकिंग किंवा ॲक्सलचे ऑइल सील तपासावे. गाडी चालताना वाऱ्याने ऑइल मागे उडते, त्यामुळे डाग नेहमी थेट गळतीच्या खाली पडेलच असे नाही. मेकॅनिक ओला भाग पुसून, गाडी काही मिनिटे चालू ठेवून, सर्वांत वरचा ओला बिंदू शोधतात, तो याच कारणासाठी. ऑइल वरून खाली ओघळते. म्हणून गळतीचे उगमस्थान ओल्या भागाच्या वरच्या टोकाशी असते.

या नळ्यांत ठरावीक ठिकाणेच बहुधा दगा देतात. धातूची नळी आणि रबरी होज जेथे जुळतात, तेथील क्लिप सैल होते. होज जुना झाल्यावर कडक होतो आणि त्याला भेगा पडतात. कूलरला नळी जोडणाऱ्या बोल्टखालील वॉशर किंवा आतील रबरी रिंग झिजते. धातूची नळी चासीला घासून किंवा गंजून तिला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. समोर बसवलेल्या कूलरला रस्त्यावरचा खडा लागूनही छिद्र पडू शकते. इंजिन चालू असताना नळ्यांतील ऑइल दाबाखाली असल्याने एरवी न दिसणारी गळती तेव्हाच सुरू होते. ‘उभ्या गाडीखाली काही दिसत नाही, पण ऑइल तर कमी होते’ या तक्रारीचा उलगडा अनेकदा येथेच होतो.

बाहेरची गळतीही किरकोळ समजू नये. ऑइल कमी झाले की पंप ऑइलसोबत हवा ओढतो, ऑइलला फेस येतो, दाब घटतो आणि क्लच प्लेटी घसरून जळतात. शिवाय हे ऑइल ज्वलनशील असते. सायलेन्सरच्या तप्त नळीवर ते पडल्यास धूर होतो आणि प्रसंगी आगही लागू शकते. बोनेटमधून करपट वासाचा धूर येत असल्यास गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करणे, हाच एक मार्ग असतो.

आतली गळती : दोन्हीकडून घुसखोरी

रेडिएटरमधील कूलरला चीर पडली की नेमके काय होते, हे समजण्यासाठी दाबाचा हिशेब पाहावा लागतो. गाडी चालू असताना गिअरबॉक्सचा पंप ऑइल दाबाने कूलरमध्ये ढकलत असतो. बहुतेक गाड्यांत हा दाब कूलंटच्या दाबापेक्षा अधिक असतो. त्यामुळे त्या वेळी ऑइल चिरेतून कूलंटमध्ये शिरते. गाडी बंद केली की पंप थांबतो आणि ऑइलचा दाब नाहीसा होतो. कूलंट मात्र गरम असल्याने अजून दाबाखाली असते; रेडिएटरचे झाकण हा दाब साधारण एक बारपर्यंत रोखून धरते. आता प्रवाह उलटतो आणि कूलंट ऑइलमध्ये शिरते. म्हणजे चालू गाडीत ऑइल कूलंटमध्ये आणि बंद गाडीत कूलंट ऑइलमध्ये, असा हा दुहेरी व्यवहार रोज होत राहतो.

यातील दुसरा अधिक घातक. कूलंटमध्ये पाणी आणि ग्लायकॉल असते. गिअरबॉक्समधील क्लच प्लेटींवर कागदासारख्या तंतुमय पदार्थाचा थर विशिष्ट गोंदाने चिकटवलेला असतो. पाणी हा थर फुगवते आणि ग्लायकॉलसह गोंद सैल करते. थर सुटू लागला की त्याचे कण ऑइलसोबत फिरून बारीक वाहिन्या व झडपा तुंबवतात. पाण्यामुळे बेअरिंग आणि गिअर गंजतात, तर पातळ झालेले ऑइल धातूंच्या पृष्ठभागांना आवश्यक ते संरक्षण देऊ शकत नाही. यासाठी फार मोठ्या प्रमाणात कूलंट जावे लागत नाही. थोडे प्रमाणही क्लचच्या थरांना पुरेसे घातक ठरते.

ही गळती ओळखण्याची जागा गाडीखाली नव्हे, तर बोनेटखाली असते. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, कूलंटच्या बाटलीचे व रेडिएटरचे झाकण उघडून पाहावे. गरम इंजिनावर हे झाकण उघडल्यास उकळते कूलंट अंगावर उडून गंभीर इजा होते. कूलंट स्वच्छ आणि पारदर्शक दिसायला हवे. त्यावर तेलाचा तवंग, गुलाबी वा तपकिरी साय, किंवा झाकणाच्या आतल्या बाजूस लोण्यासारखा चिकट थर दिसल्यास ती धोक्याची सूचना समजावी.

दुसरी पाहणी गिअरबॉक्सच्या ऑइलची. डिपस्टिकवर लाल, पारदर्शक ऑइलऐवजी दुधाळ गुलाबी, फेसाळ द्रव आढळला, तर कूलंट आत शिरले आहे, हे जवळजवळ निश्चित. स्ट्रॉबेरी मिल्कशेकची उपमा त्याला तंतोतंत लागू पडते. बाटलीतील कूलंट कमी होते आहे, बाहेर गळती दिसत नाही आणि त्याच वेळी गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी मात्र वर गेली आहे, हे तीन मुद्दे जुळले तरी निष्कर्ष तोच. पातळी फार वाढल्यास गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातून फेस बाहेर येतो आणि तो बाहेरची गळती म्हणून फसवतो.

डिपस्टिक पाहण्याची रीत गाडीगणिक वेगळी असते. बहुतेक गाड्यांत सपाट जागेवर, ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून आणि गिअर ‘पी’ स्थितीत टाकून पातळी पाहतात. काही कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन बंद केल्यावर लगेच पाहायची असते. अनेक नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेथे गाडी लिफ्टवर घेऊन, ऑइल विशिष्ट तापमानाला असताना बुच उघडून पातळी पाहावी लागते. अशा गाडीच्या मालकाला घरच्या घरी ऑइल पाहता येत नाही. म्हणून कूलंटची पाहणी त्याच्यासाठी अधिकच मोलाची ठरते.

गाडी स्वतःही सांगते

द्रवांकडे लक्ष गेले नाही, तरी गाडीच्या वागण्यात फरक पडतो. ‘पी’मधून ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये टाकल्यावर गाडी हलायला दोन-तीन क्षण घेते. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. मध्यम वेगात, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना, गाडी खडबडीत रस्त्यावरून जात असल्यासारखी थरथरते. गिअर धक्क्याने पडतो. खालून कण्हल्यासारखा आवाज येतो. गिअरबॉक्सच्या तापमानाचा इशारा देणारा दिवा लागतो.

ही लक्षणे केवळ कूलरच्या गळतीची नव्हेत. जुने ऑइल, बिघडलेली झडप किंवा सेन्सर यांमुळेही ती उद्भवतात. तसेच कूलंटमधील तेल दर वेळी गिअरबॉक्सचेच असते असेही नाही. इंजिनाचे हेड पॅकिंग गेले किंवा इंजिन ऑइलचा स्वतंत्र कूलर फुटला, तरी कूलंटमध्ये तेल दिसते. मात्र ते बहुधा तपकिरी, चॉकलेटी रंगाचे असते. हेड पॅकिंगच्या बिघाडात सायलेन्सरमधून पांढरा धूर येणे, कूलंटमध्ये सतत बुडबुडे येणे आणि इंजिन तापणे ही चिन्हे सोबत असू शकतात. म्हणून अंतिम निदान चाचणीवर सोपवावे. कुशल मेकॅनिक ऑइलच्या दोन्ही नळ्या कूलरपासून सोडवतो, एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हवेचा दाब देतो आणि दाब टिकतो की उतरतो, रेडिएटरमधील पाण्यात बुडबुडे येतात का, हे पाहतो. ही चाचणी न करता इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडण्याची घाई कोणी करत असेल, तर ग्राहकाने दुसरे मत घ्यावे.

अमेरिकेतील धडा

हा बिघाड किती व्यापक होऊ शकतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. निसान कंपनीच्या २००५ ते २०१० या मॉडेल वर्षांच्या पाथफाइंडर, फ्राँटिअर आणि एक्सटेरा या गाड्यांत रेडिएटरमधील ऑइल कूलरला चीर पडून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. अनेक मालकांना प्रथम केवळ थरथर जाणवली; कारण कळेपर्यंत गिअरबॉक्स हातचा गेला होता. कंपनीने त्या गाड्यांच्या रेडिएटरची हमी ८ वर्षे किंवा ८० हजार मैलांपर्यंत वाढवली. पुढे ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला आणि तडजोडीनुसार, ग्राहकाने खर्चाचा काही वाटा उचलण्याच्या अटीवर, ही मर्यादा १० वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत नेण्यात आली. सावध झालेल्या अनेक मालकांनी रेडिएटर आधीच बदलला किंवा आतला कूलर वगळून बाहेर स्वतंत्र कूलर बसवून घेतला.

त्याही पूर्वीचे, काहीसे चमत्कारिक उदाहरण १९७० च्या दशकातील आहे. तोवर गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल वापरले जात असे. देवमाशाच्या संरक्षणासाठी अमेरिकेत निर्बंध आल्यावर पर्यायी घटकांची ऑइल बाजारात आली. जनरल मोटर्सच्या डेक्स्रॉन-२ या ऑइलचे आरंभीचे मिश्रण कूलरच्या डाखकामातील धातू कुरतडते, असे आढळले आणि गंजरोधक घटक घालून सुधारित मिश्रण काढावे लागले. ऑइल आणि कूलर यांचे नाते किती नाजूक आहे, हे त्यावरून दिसते. माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल वापरण्याचा आग्रह त्यामुळे अनाठायी नाही.

आपल्याकडे धोका कोठे?

महाराष्ट्रात या बिघाडाला पोषक अशा काही सवयी आणि परिस्थिती आहेत. कूलंट कमी दिसले की नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी ओतण्याची सवय त्यांत पहिली. राज्याच्या अनेक भागांतील बोअरचे पाणी जड असते. त्यातील क्षारांचा थर कूलरवर बसून उष्णता अडते आणि पाण्याने पातळ झालेल्या कूलंटमधील गंजरोधक घटक दुबळे पडल्याने धातू आतून गंजतो. कूलंटचे काम केवळ थंड करणे नसून गंज रोखणे हेही आहे, याचा विसर पडतो. तयार मिश्रण न मिळाल्यास कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, सामान्यतः समसमान, मिसळून वापरावे.

कोकण आणि मुंबईच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेने लोखंडी नळ्या बाहेरून गंजतात. पावसाळ्यातील चिखल नळ्यांच्या पकडींत अडकून ओल धरून ठेवतो. मे महिन्याच्या उन्हात भरलेली गाडी बोरघाट किंवा कसारा घाट चढते, तेव्हा जुना झालेला होज आणि थकलेला कूलर यांची खरी परीक्षा होते. घाटात गाडी रखडल्यास प्रवाशांच्या जिवालाही धोका असतो, हे वेगळे सांगायला नको.

गळती आढळल्यास काय करावे?

दुधाळ गुलाबी ऑइल किंवा कूलंटमध्ये तेल आढळल्यास गाडी सुरूच करू नये. ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ’ हा विचार येथे महागात पडतो, कारण चाललेल्या प्रत्येक किलोमीटरला दूषित ऑइल क्लचमधून आणि झडपांमधून फिरत असते. गाडी टोइंग व्हॅनने न्यावी. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप चालत नाही आणि आतील भागांना वंगण मिळत नाही. त्यामुळे ज्या चाकांना इंजिनाची शक्ती जाते ती जमिनीवर ठेवून गाडी ओढू नये. सपाट ट्रकवर चढवून नेणे सर्वांत सुरक्षित.

दुरुस्तीत तीन कामे एकत्र व्हायला हवीत. कूलर किंवा तो आत असलेला रेडिएटर बदलणे, कूलंटची संपूर्ण यंत्रणा धुणे आणि गिअरबॉक्सचे ऑइल पूर्णपणे बदलणे. यातील तिसऱ्या कामात बहुधा कसूर होते. चेंबरचे बुच उघडले की एकूण ऑइलचा काही भागच बाहेर येतो. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टर व नळ्यांत शिल्लक राहते. म्हणून ऑइल एकदा नव्हे, तर ते स्वच्छ लाल दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा बदलावे लागते, फिल्टरही बदलावा लागतो. कूलंट बराच काळ आत राहिले असेल आणि गाडी थरथरू लागली असेल, तर ऑइल बदलून भागत नाही. क्लच प्लेटी बदलण्यासाठी गिअरबॉक्स उघडणे अटळ ठरते. केवळ रेडिएटर बदलून गाडी परत देण्याची तयारी दाखवणाऱ्या गॅरेजला गिअरबॉक्समधील ऑइल दाखवण्यास सांगावे.

बाहेरच्या गळतीत ऑइल भरून वेळ मारून नेण्यापेक्षा जोड, वॉशर वा होज बदलावा. होज गिअरबॉक्स ऑइलसाठीच बनवलेला असावा; पेट्रोलचा किंवा पाण्याचा साधा होज तापलेल्या ऑइलच्या दाबापुढे टिकत नाही. रेडिएटरची गळती थांबवण्यासाठी मिळणारी चूर्णे किंवा द्रव्ये टाकून कूलरची चीर बुजत नाही. उलट बारीक वाहिन्या तुंबण्याची भीती असते.

प्रतिबंधासाठी फार कष्ट पडत नाहीत. महिन्यातून एकदा थंड इंजिनावर कूलंटचा रंग पाहावा. प्रत्येक सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर असताना कूलरच्या नळ्या व जोड पाहून घेण्यास सांगावे. कूलंट आणि गिअरबॉक्सचे ऑइल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलावे. जुनी स्वयंचलित गाडी विकत घेताना तर हे दोन्ही द्रव पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. चकचकीत रंगाखाली दडलेला बिघाड तेथेच उघड होतो. रेडिएटर बदलण्याची वेळ आलीच, तर निकृष्ट प्रतीचा स्वस्त भाग टाळावा, कारण त्याच्या आतील कूलरच्या एका डाखावर संपूर्ण गिअरबॉक्सचे आयुष्य अवलंबून असते.